भाड्याची खोली, आडनाव आणि ‘सेफ एरिया’

जून-जुलै उजाडला की आमच्या कार्यालयातील फोनवर कोर्टकचेरीपेक्षा वेगळाच प्रश्न येऊ लागतो. मुलगी इंजिनिअर झाली, नर्स झाली, बँकेची परीक्षा पास झाली, नोकरी पुण्याला किंवा मुंबईला लागली. आता तिने राहायचे कुठे? वाशिम, हिंगोली, बुलडाणा, लातूरकडून बाप फोन करतो आणि शेवटी एकच विचारतो, “वकीलसाहेब, मुलीसाठी सेफ एरिया कोणता?”

प्रश्न रास्त आहे. पण ‘सेफ एरिया’ हा शब्द बापाने एजंटकडून उचललेला असतो. एजंटच्या भाषेत सेफ एरिया म्हणजे गेट, वॉचमन, सीसीटीव्ही, ‘सगळी फॅमिली पब्लिक’ आणि रात्री नऊनंतर शुकशुकाट. त्या गेटातून आत जाण्यासाठी मुलीला जी मुलाखत द्यावी लागते ती नोकरीच्या मुलाखतीहून अवघड असते. आधी आडनाव. जाधव, मोरे, गायकवाड असे सगळीकडे आढळणारे आडनाव निघाले तर गाव कोणते, मग “कुलदैवत कोणतं तुमचं?”, मग “नॉनव्हेज खाता का?” एवढ्यावरही उलगडा झाला नाही तर घरमालकीण काकू सहज म्हणतात, “देव्हारा कुठं मांडणार गं?” मुलगी क्षणभर गोंधळली की काकूंना उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी एजंटचा निरोप येतो, “मॅडम, ओनरला फॅमिलीच पाहिजे.”

देशपांडे आडनावाच्या एकट्या मुलीलाही हे वाक्य ऐकावे लागते, हे आम्ही नाकारत नाही. बाई म्हणून तीही परीक्षेलाच बसलेली असते. पण तिचे वडील गावाहून येऊन काकूंकडे चहा पिऊन गेले की बहुधा तिचे काम होते. आमच्या मुलीचे वडील आले तर काकूंची उरलीसुरली शंका फिटते! जातीचा नकार हल्ली जातीच्या नावाने दिला जातच नाही. ‘एकटी मुलगी नको’ आणि ‘फक्त शाकाहारी’ हे त्याचे दोन सभ्य बुरखे आहेत. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत घर शोधणाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी घरमालकांकडे चौकशी केली, तेव्हा सवर्णाला सहज मिळणारे घर दलित आणि मुस्लिमाला एकतर नाकारले गेले किंवा ज्यादा अटी लादून देऊ केले गेले. दिल्लीचे राहू द्या. २०१५ सालीच मुंबईत वडाळ्याला एका मुस्लिम तरुणीला राहायला गेलेला फ्लॅट काही दिवसांतच सोडावा लागल्याची बातमी देशभर गाजली होती.

मग मुली काय करतात? गळ्यातले बुद्धाचे लॉकेट ड्रेसच्या आत जाते, ‘जय भीम’ची रिंगटोन बदलते, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर न लागता बॅगेत राहतो. आम्ही त्यांना दोष देत नाही. १९१७ साली बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेलेल्या बाबासाहेबांना कोणी खोली दिली नाही, तेव्हा पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या माणसाला सामान उचलून बाहेर पडावे लागले. आज काठ्या नसतात, सेक्रेटरीची नोटीस असते. शिवाय आज नाव लपवणे फार काळ टिकतही नाही. भाडेकरार नोंदवायचा तर आधार कार्ड आणि अंगठा द्यावा लागतो, पोलीस पडताळणीच्या अर्जावर मूळ गावचा पत्ता लागतो. तोपर्यंत एजंटची एक महिन्याची दलाली आणि टेम्पोचे भाडे गेलेले असते. तेव्हा पूर्ण नाव पहिल्याच फोनवर सांगावे. नकार यायचा असेल तर दलाली देण्याआधी यावा, आणि शक्यतो लेखी यावा. तो लेखी का हवा हे सांगणे आमच्या धंद्याचा भाग आहे.

नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ सालचा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला आहे. ‘कोणत्याही वस्तीत’ हे शब्द कायद्याचेच आहेत. कलम १२ त्याहून महत्त्वाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते, तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना हे संरक्षण निर्विवाद आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही २०१६ पासून सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा गुन्हा आला आहे. एवढा दारूगोळा हाताशी असताना खटले का दिसत नाहीत? कारण ‘फॅमिलीच पाहिजे’ या वाक्याला जात चिकटलेली दिसत नाही. काकूंनी जात काढून अपमान केला तरी तो बंद फ्लॅटमध्ये, साक्षीदाराविना होतो, आणि लोकांच्या नजरेसमोर न झालेला अपमान अ‍ॅट्रॉसिटीच्या त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. म्हणून एजंटचा मोबाइलवरचा संदेश जपावा. मुलीला ‘फॅमिलीच पाहिजे’ म्हणून परत पाठवले आणि आठ दिवसांत तीच खोली दुसऱ्या एकट्या मुलीला दिली, तर पहिल्या नकाराचे खरे कारण काय ते न्यायालयाला विचारता येते.

एकट्या बाईला केवळ एकटी म्हणून घर नाकारले तर मात्र दाद मागायला थेट कायदा नाही, हे सरळ सांगितलेले बरे. संविधानाचे कलम १५ सरकारला बांधते, काकूंना नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरते ठेवण्याचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. तेव्हापासून ‘आमची सोसायटी, आमचे नियम’ म्हणणाऱ्यांची भीड चेपली आहे. तरीही अविवाहित मुलीला भाड्याने घर देऊ नये असे एकही कलम महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात नाही. सेक्रेटरीने ‘नियम आहे’ म्हटले की तो नियम कुठे लिहिला आहे ते दाखवायला सांगावे. बहुधा तो लिफ्टशेजारच्या फळ्यावरच असतो.

आता वस्तीकडे येऊ. आमच्या मते बापाने ‘एरिया कोणता’ विचारण्याऐवजी ‘रात्री अकरा वाजता स्टेशनपासून दारापर्यंत कोण कोण जागे असते’ ते विचारावे. खोली बघायला रविवारी सकाळी जाण्यात अर्थ नाही. ज्या वेळी मुलगी कामावरून सुटणार त्या वेळी, त्याच रस्त्याने, एकदा चालून पाहावे. वडापावची गाडी, मेडिकल, रिक्षा स्टँड, चहाची टपरी, दवाखाना जिथे उघडा असतो तो रस्ता एकट्या बाईचा. गेटच्या आत चोवीस तास वॉचमन आणि गेटच्या बाहेर अर्धा किलोमीटर कंपाउंडच्या भिंती, असा रस्ता कितीही ‘पॉश’ असो, तो रात्री कुणाचाच नसतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांच्या वावरावर जे पुस्तक लिहिले त्यातही फेरीवाले आणि गजबज हटवून रस्ते सुरक्षित होत नाहीत, हाच मुद्दा आहे.

मुंबईत नकाशा पाहू नये, रेल्वेची लाइन पाहावी. नोकरी ऐरोलीत आणि खोली अंबरनाथला घेतली तर भाडे वाचेल, पण ठाण्याला गाडी बदलताना रोज जीव जाईल. त्यापेक्षा घणसोली, कोपरखैरणे बरे. तिथे गावठाणातल्या इमारतींत खोल्या स्वस्त मिळतात. फक्त त्या इमारतींपैकी अनेकींची बांधकामेच अनधिकृत आहेत, तेव्हा घरमालक कागद करायला कुरकुरतो. कुर्ला-चेंबूर पट्टा जुना आणि मिश्र आहे, सिद्धार्थ कॉलनीसारखी आपली वस्ती तिथे आहे, हार्बरची गाडी आहे. अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला तिघी-चौघी मिळून फ्लॅट घेणाऱ्या नोकरदार मुली पुष्कळ. पहिल्या वर्षी एकटीने खोली घेण्यापेक्षा अशा चौघींत पाचवी होणे सोपे पडते, कारण तिथली मुलाखत काकू घेत नाहीत. (मुलीही कधी कधी आडनाव विचारतातच, तो भाग वेगळा.)

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ हा स्पर्धा परीक्षांचा मुलूख. कॉट बेसिस, अभ्यासिका, मेस. अभ्यासिकेतून रात्री परतणाऱ्या मुलींची वर्दळ हीच तिथली खरी राखण. कर्वेनगर मुलींच्या कॉलेजांमुळे मुलींच्या खोल्यांनी भरलेले आहे. खराडी, विमाननगरला नोकरी असेल तर येरवडा, विश्रांतवाडी जवळ पडते आणि तिथे नाव लपवावे लागत नाही. हिंजवडीवाल्या मुली वाकडला राहतात ते कंपनीच्या बसमुळे. रात्रपाळी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दारापर्यंत, नाक्यापर्यंत नाही. मात्र २००७ साली पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या तरुणीचा घात कंपनीने ठरवलेल्या कॅबच्या चालकानेच केला होता, म्हणून गाडीचा नंबर रोज खोलीतल्या मैत्रिणीला कळवलेला बरा.

‘मग आपल्याच वस्तीत राहा ना’ असे आपले कार्यकर्ते छातीठोकपणे म्हणतात. आमचे त्याबद्दलचे मत थोडे कडू आहे. आपल्या वस्तीत आडनाव आडवे येत नाही, माणसे रात्री जागी असतात, अडीअडचणीला पन्नास जण धावतात, हे सर्व खरे. पण संडास आत की गल्लीच्या टोकाला, हा प्रश्न कार्यकर्त्याला कधी पडत नाही, मुलीला तो रोज रात्री पडतो. आणि आपलेही घरमालक ‘एकटी मुलगी नको, जबाबदारी कोण घेणार?’ म्हणतातच की! नातेवाइकांकडे ठेवले तर मामींच्या घरची धुणीभांडी करून मुलगी आठ सत्तेचाळीसची लोकल पकडते, पगारातून घरी पैसे देते आणि वर उशीर झाला म्हणून बोलणी खाते. जबाबदारी घेण्याच्या नावाखाली पाळत ठेवायची, ही खोड काय काकूंनाच आहे? बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिले, तिथूनच चळवळ उभी केली. पण १९३० च्या दशकात ‘राजगृह’ बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी दादरची हिंदू कॉलनी निवडली. शहरातल्या कोणत्याही वस्तीवर आपला हक्क आहे, हे त्यांनी स्वतःचे घर बांधून दाखवले. मुलीला सदाशिव पेठेत राहावेसे वाटले तर तिला विश्रांतवाडीचा रस्ता दाखवणारे आपण कोण?

कागदाचे थोडे. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य. घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वीज-पाणी तोडून भाडेकरूला हुसकावणे कलम २९ खाली चालत नाही. डिपॉझिट रोख देऊ नये, बँकेतून द्यावे. खोली सोडताना ‘रंगाचे पैसे’ म्हणून ते कापून घेण्याची पद्धत आहे, म्हणून राहायला जातानाच भिंतींचे फोटो काढून ठेवावेत. ‘रात्री नऊच्या आत’, ‘भाऊसुद्धा वर आणायचा नाही’ असल्या अटी तोंडी असतात. त्या करारात लिहा म्हटले की निम्म्या गळून पडतात.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले ते शिकणाऱ्या मुलांसाठी. आज शिकणाऱ्यांसाठी सरकारी वसतिगृहे आहेत आणि ज्यांना प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना. त्या योजनेच्या २०१७ च्या निर्णयात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरले, त्यात निवासाचे वीस हजार. म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. पुण्यात या पैशात कॉट तरी मिळेल का? आणि निकाल लागला, नोकरी मिळाली की तेही संपते. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे, आता तिचे नाव ‘सखी निवास’. आपले किती आमदार, नगरसेवक, विहारांचे किती ट्रस्ट त्यासाठी प्रस्ताव घेऊन गेले? वर्षावासात विहारांत दर रविवारी दोन-तीनशे माणसे जमतात. तिथल्या महिला मंडळाने एक वही जरी ठेवली तरी काम सुरू होईल: कुणाकडे खोली आहे, भाडे किती, संडास आत की बाहेर, स्टेशनपासून किती मिनिटे, आणि मागच्या मुलीने ती खोली का सोडली.