आज्ञा कर्त्या माणसाला आहे

आईबापांचा मान राखावा, ही दहा आज्ञांपैकी एक. बहुतेक प्रॉटेस्टंट ती पाचवी मोजतात, कॅथलिक चौथी. आपल्या मंडळ्यांमध्ये ती कुणाला ऐकवली जाते ते पाहा. संडे स्कूलमधली आठ-दहा वर्षांची मुलं ती पाठ म्हणतात. मुलानं उलट उत्तर दिलं की बाप तिची आठवण करून देतो. मुलीनं स्थळाला नकार दिला की काका-मामा बायबल उघडून तीच ओळ पुढे करतात. त्याच वेळी मागच्या बाकावर पन्नाशीतला एक कर्ता माणूस निवांत बसलेला असतो. त्याची आई घरी अंथरुणाला खिळलेली आहे, आठवडाभरात तिच्याशी तो धड चार वाक्यं बोललेला नाही. पण ही आज्ञा आपल्याला उद्देशून आहे असं त्याच्या मनातही येत नाही. ती आपण लहानपणीच पाळून मोकळे झालो, अशी त्याची समजूत. ही समजूत आपणच त्याला करून दिली आहे आणि तिला शास्त्रात आधार नाही.

निर्गमाचा विसावा अध्याय सलग वाचावा, किंवा अनुवादाचा पाचवा. शब्बाथ पाळायला ज्याला सांगितलं आहे, त्याच्या पदरी मुलगा-मुलगी आहेत, दास-दासी आहेत, गुरंढोरं आहेत, वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. पुढे त्याला खून, व्यभिचार, चोरी आणि खोटी साक्ष यांपासून दूर राहायला सांगितलं आहे. शेजाऱ्याचं घर, बायको, बैल, गाढव यांवर डोळा ठेवू नको, असंही बजावलं आहे. ही सगळी बोलणी घरदार सांभाळणाऱ्या माणसाशी चालली आहेत, आणि आईबापांची आज्ञा नेमकी त्यांच्यामध्ये आहे. मधल्या एकाच ओळीपुरता देव त्याला सोडून त्याच्या लेकराकडे वळला, असं मानायला काहीच कारण नाही. त्या काळी पेन्शन नव्हतं, दवाखाना नव्हता. जमीन मुलाच्या हाती गेली की म्हातारे पूर्णपणे त्याच्या मर्जीवर असायचे. म्हणून आज्ञा मुलाला, आणि तिच्या जोडीचं वचनही जमिनीचंच: त्या देशात तू चिरकाळ नांदशील. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात तर आई म्हातारी झाल्यावर तिला तुच्छ लेखू नको, असं वयाचा उल्लेख करूनच सांगितलं आहे.

ज्यांच्याकडून हे शास्त्र आपल्याकडे आलं, त्या यहुद्यांनी ते असंच वाचलं. मान राखणं म्हणजे प्रत्यक्षात काय करणं, हा प्रश्न तालमूदमध्ये सरळ विचारला आहे आणि उत्तरही रोखठोक आहे: खाऊ घालणं, पाणी पाजणं, कपडे घालणं, पांघरूण घालणं, बाहेर नेणं आणि आत आणणं. घरात अंथरुणावरचं माणूस सांभाळलेल्या कुणालाही ही यादी लगेच ओळखू येईल. पहाटे ओली चादर काढून कोरडी घालायची. गोळी कुटून पेजेतून द्यायची. सदऱ्याच्या बाहीत आधी दुखरा हात घालायचा, मग दुसरा. वॉकर धरून संडासापर्यंत न्यायचं आणि दाराबाहेर उभं राहायचं. ही कामं ज्यानं केली त्यानं आज्ञा पाळली. बापाच्या प्रत्येक मताला मान डोलावणं या यादीत नाही.

पण नुसती कामं उरकली म्हणजे झालं, असंही त्या परंपरेनं म्हटलेलं नाही. यरुशलेमच्या तालमूदमध्ये दोन मुलांची गोष्ट आहे. एक जण बापाला पोसलेल्या कोंबड्या खाऊ घालायचा. एकदा बापानं विचारलं, बाळा, हे तुला कुठून परवडतं? मुलगा म्हणाला, म्हाताऱ्या, कुत्री गुमान खातात तसं तूही गुमान खा. दुसरा जात्यावर दळण दळून पोट भरायचा. राजानं दळणाऱ्यांना वेठीला बोलावलं, तेव्हा तो बापाला म्हणाला, बाबा, तुम्ही इथं माझ्या जागी जात्यावर बसा, मी जातो. तिथं अपमान झाला तर माझा होऊ दे, फटके बसले तर मला बसू देत. बापाला कोंबडी खाऊ घालणारा नरकात गेला आणि जातं ओढायला लावणारा स्वर्गात, असा गोष्टीचा निवाडा. महागड्या वृद्धाश्रमाचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरून फोनवर मात्र आईवर खेकसणाऱ्याला ही गोष्ट एकदा ऐकवायला हवी.

यावर हमखास पुढे येतं ते इफिसकरांस पत्र. मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा, असं पौलानं लिहिलं आहे की नाही? लिहिलं आहे, आणि घरात वाढणाऱ्या मुलांनी ते पाळावंच. सात वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडताना बापाचं ऐकावं लागतं, त्यात वाद नाही. मात्र तिथंच न थांबता आणखी तीन ओळी वाचाव्यात. पुढची सूचना बापांना आहे: मुलांना चिडीला आणू नका. कलस्सैकरांस पत्रातही तेच, शिवाय त्याचं कारण दिलं आहे: मुलं खचतील म्हणून. इफिसकरांस पत्र ज्या जगात वाचलं गेलं तिथं रोमन कायद्यानं बापाला मुलाच्या जिवावर हक्क दिला होता, आणि बाप जिवंत असेपर्यंत तो हक्क मोठ्या मुलावरही चालायचा. त्या जगात बापालाच जाब विचारणारं हे पत्र आहे. त्यातली पहिली ओळ भिंतीवर टांगायची आणि चौथी झाकून ठेवायची, हा पत्राशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

मोठ्या मुलामुलींच्या बाबतीत तर शास्त्र आणखी स्पष्ट आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आई आणि बाप यांचा धाक बाळगायला सांगितलं आहे, त्यातही आईचं नाव आधी. त्याच वचनात लगोलग शब्बाथ पाळायला सांगितलं आहे. रब्बींनी ही दोन कलमं एकमेकांना जोडून निर्णय दिला: बाप शब्बाथ मोडायला सांगत असेल तर त्याचं ऐकायचं नाही, कारण बाप आणि मुलगा दोघंही देवाचा मान राखायला बांधलेले आहेत. आसा राजानं मूर्तीच्या पायी माकाला राजमातेच्या पदावरून दूर केलं. शास्त्र त्याचं कौतुकच करतं. योनाथानानं बाप शौल याच्या तोंडावर दावीदाची बाजू घेतली, मित्राला निसटून जायला मदत केली, आणि शेवटी गिलबोवाच्या डोंगरावर त्याच बापाच्या बाजूनं लढताना प्राण सोडला. बापाचा हुकूम मोडूनही बापाला न सोडता येतं, हे दाखवायला दुसरा पुरावा शोधत बसायला नको.

मुलीच्या लग्नात ही आज्ञा वापरणाऱ्यांनी उत्पत्तीचा चोविसावा अध्याय काढावा. रिबेकेचा भाऊ आणि बाप सोयरीक ठरवतात. तरी निघायची वेळ येते तेव्हा मुलीला बोलावून विचारूया असं घरचेच म्हणतात, आणि ती जाते म्हणाल्यावरच तिची पाठवणी होते.

याहून गंभीर गैरवापर घराच्या चार भिंतींआड होतो. बापानं मारलं, त्याहून वाईट काही केलं, आणि मुलगी कुणापाशी बोलली, तर तिला नोहाची गोष्ट सांगतात. नोहा दारू पिऊन उघडा पडला होता. शेम आणि याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी त्याच्यावर वस्त्र घातलं. तसं तूही बापाचं झाक, असा सल्ला. हा सल्ला निखालस चुकीचा आहे. नोहा स्वतःच्या तंबूत बेशुद्ध पडला होता, त्यानं कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता. मुलांनी झाकली ती असहाय म्हाताऱ्याची लाज. गुन्हा झाकणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला या वचनाचा आडोसा मिळत नाही. तालमूदमध्ये एका बापाची हकीकत आहे. तो आपल्या वयात आलेल्या मुलाला मारत होता. रब्बी यहूदा हनासी यांच्या घरातल्या दासीनं ते पाहिलं आणि या माणसाला बहिष्कृत करावं असं म्हटलं, कारण असा बाप मुलाला हात उगारायला भाग पाडतो आणि पापात ढकलतो. एका दासीचा हा निवाडा विद्वानांनी नाकारला नाही. आज एखाद्या पोरीनं घरच्या जाचाबद्दल तोंड उघडलं, तर आपल्या पाळकांनी निदान त्या दासीइतकं धैर्य दाखवावं.

आता दुसरी बाजू. बायबल आईबापांच्या नावानं मुलांचे जीव घेतं, असं म्हणणारे अनुवादाचा एकविसावा अध्याय दाखवतात. हट्टी, बंडखोर, खादाड, दारुड्या मुलाला गावानं दगडमार करावी, असं तिथं लिहिलं आहे. वचन कठोर आहे, ते गोड करून सांगायची मला गरज वाटत नाही. पण त्यात बापाचा अधिकार किती काढून घेतला आहे तेही पाहावं. बापाला स्वतः हात उचलता येत नाही. आई आणि बाप दोघांनी मिळून मुलाला वेशीवर वडीलमंडळींसमोर न्यायचं. पुढे मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहानं या कलमाला इतक्या अटी घातल्या की ते लागू होणंच अशक्य व्हावं. बाप तयार आणि आई नाही, तर खटलाच उभा राहत नाही. असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, असं मत तालमूदमध्ये नोंदलेलं आहे. एका रब्बीनं ते मान्य केलं नाही, हेही तिथंच लिहिलेलं आहे. वचन जपणाऱ्या लोकांनी त्याची धार अशी शतकानुशतकं बोथट केली, हे टीका करणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवं.

येशू घरं मोडतो, हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे, आणि तो निराधार म्हणून झटकता येत नाही. बाबा पदमनजींनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पिढीतल्या किती तरी मराठी तरुणांना धर्मांतरानंतर घरची दारं बंद झाली. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असं लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्यालाही तो थांबू देत नाही. ही वाक्यं आहेत आणि ती टोचायलाच हवीत. पण तीच वाक्यं घेऊन कुणी म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी टाळू पाहील, तर त्याला येशूच आडवा येतो. श्रीमंत अधिकाऱ्याला आज्ञा सांगताना त्यानं ही आज्ञा नाव घेऊन सांगितली. क्रुसावर, श्वास अडखळत असताना, त्यानं आईची सोय लावली. शिष्यानं तिला त्याच घटकेपासून आपल्या घरी नेलं. देवासाठी घर सोडावं लागणं निराळं आणि देवाचं नाव सांगून घराला उपाशी ठेवणं निराळं.

मार्कच्या सातव्या अध्यायात नेमका हाच भेद आहे, आणि या साऱ्या वादात माझं मन पुन्हा पुन्हा त्याच अध्यायाकडे जातं. यरुशलेमहून शास्त्री आले आहेत. वाद हात न धुता जेवण्याचा आहे. येशू तो सोडून एकदम आईबापांकडे वळतो. एक मुलगा आईबापांना म्हणतो, माझ्याकडून तुम्हाला जे मिळालं असतं ते कुर्बान आहे, देवाला वाहिलेलं आहे. तेवढं म्हटलं की त्याला बापासाठी बोटही हलवावं लागत नाही, आणि धर्माचे जाणकार त्याला पाठीशी घालतात. येशूनं याला देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. न्यायाला धरून एक सांगायला हवं: आईबापांच्या मानाला बाध आणणारा नवस सोडवता येतो, असा निर्णय मिश्नात रब्बींनीच नोंदवला आहे. म्हणजे येशूच्या बाजूनं बोलणारे त्या परंपरेच्या आतही होते. पण आजच्या कुर्बानाचं काय? चर्चच्या नव्या छपरासाठी पन्नास हजार देणाऱ्याचं नाव फलकावर लागतं. त्याच्या बापाचा मोतीबिंदू मात्र पुढच्या वर्षावर ढकललेला असतो. सुवार्तेच्या दौऱ्यांवर महिनोन्‌महिने फिरणाऱ्याची आई शेजारणीच्या भरवशावर जगते आणि सभेत त्याच्या त्यागाची साक्ष सांगितली जाते.

सरकारनं 2007 साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. म्हाताऱ्या आईबापांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि मुलाकडून महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता येतो. ख्रिस्ती आईबापांनीही हा अर्ज करावा. बायबलचं नाव सांगून त्यांना अडवू नये, घरचं प्रकरण चव्हाट्यावर नको असं सांगून तर मुळीच नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आपल्या घरच्यांची तजवीज न करणाऱ्यानं विश्वास नाकारला, तो अविश्वासणाऱ्याहून वाईट, असं म्हटलं आहे. अशा मुलाची बाजू घेऊन मंडळीनं त्याच्या आईला समजवायला जाणं म्हणजे कुर्बानाचा तोच खेळ पुन्हा मांडणं.

म्हाताऱ्यांना घरातच ठेवलं पाहिजे, असा माझा आग्रह नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी धर्मपंडितानं या प्रश्नाला हात घातला. आईचं किंवा बापाचं भान सुटलं असेल तर मुलानं होईल तितकं त्यांच्या कलानं घ्यावं. अगदीच निभेनासं झालं तर दूर व्हावं आणि त्यांची नीट काळजी घ्यायला दुसऱ्यांना सांगावं, असा त्याचा निर्णय. त्यावर त्याच्या टीकाकारानं लगेच विचारलं: मुलगाच गेला तर सांभाळायला सांगणार कुणाला? दोघांचंही म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या बापाला चोवीस तास एकटी सांभाळणारी सून कोसळते, तेव्हा पगारी मदतनीस ठेवणं किंवा चांगल्या आश्रमात सोय करणं हेही मान राखणंच आहे. अट एवढीच की सोय करणाऱ्यानं तिथं जायचं, जवळ बसायचं, ताटात काय वाढलं जातं ते पाहायचं. त्याच मायमोनिडीसनं आईबापांनाही बजावलं आहे की मुलांवर मानाचं ओझं लादू नका, पाहिलं न पाहिलंसं करा. हेही आपल्या उपदेशांत ऐकू येत नाही.

मंडळ्यांच्या पंचांपुढे मला दोन गोष्टी ठेवायच्या आहेत. या आज्ञेवरचं प्रवचन मुलांच्या रविवारी न ठेवता, ज्या रविवारी कर्ती माणसं सर्वांत जास्त हजर असतात त्या रविवारी ठेवावं. आणि मोठी देणगी घेऊन कुणी दाराशी आला, तर पावती फाडण्याआधी पाळकानं त्याला आईवडील कसे आहेत, त्यांचं औषधपाणी कोण पाहतं, हे विचारावं, आणि उत्तर पटलं नाही तर पैसे परत करून त्याला घरी पाठवावं.