"काही होत नाही" म्हणणाऱ्यांना

मित्रहो आणि नातेवाईकांनो, आज जरा कडक बोलणार आहे. निवृत्त मास्तराला तेवढी मुभा असते.

रिमोटच्या मोठ्या गाड्यांचं वेड आता आमच्या आसेगावपर्यंत आलं आहे. सुट्टीत पुण्या-मुंबईची नातवंडं येतात, सोबत गाडी आणतात. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. लेकरं मोबाइल सोडून अंगणात येतात, याहून काय हवं? तक्रार आहे ती मोठ्यांच्या एका वाक्याबद्दल : "काही होत नाही हो, गुरुजी!" असं म्हणून बॅटरी चार्जरला लावायची, गादीवर टाकायची आणि घरादाराने झोपून जायचं.

"मोबाइल नाही का रात्रभर लावून ठेवत?" हा त्यांचा हुकमी एक्का. पण मोबाइलच्या बॅटरीत जादा चार्जिंग रोखणारं सर्किट असतं. गाडीच्या लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो बॅटरीत ते बहुधा नसतं. तिथे राखण चार्जरने आणि माणसाने करायची. एक सेल ४.२ व्होल्टवर भरतो. त्यापुढे रेटला तर तो तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. दोन सेलची बॅटरी ८.४ ला भरते, पण नुसती बेरीज पाहून चालत नाही. एक सेल ४.० आणि दुसरा ४.४ असला तरी बेरीज ८.४ च येते! वर्गाची सरासरी ५० आली म्हणून सगळे पास होतात का? म्हणून तर बॅटरीला ती जास्तीची बारीक पिन असते. ती लावली की चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासतो. "ती नाही लावली तरी चालतं" म्हणणाऱ्यांनी हे गणित सोडवून दाखवावं.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत ई-स्कूटरची बॅटरी रात्री घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून काही दिवसांनी दगावला. ती बॅटरी खेळण्याची नव्हती, मोठी होती, हे मान्य. पण रात्री लावून झोपण्याची सवय तीच ना? आणि आपल्याकडे तर भाव वाढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवलेला असतो. त्या खोलीत ठिणगी पडली तर काय होईल, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

विमानात सुटी लिथियम बॅटरी खाली जाणाऱ्या सामानात ठेवू देत नाहीत. का, तर पेटली तर माणसांच्या नजरेसमोर असावी म्हणून. विमानवाल्यांना जे कळतं ते आपल्याला का कळू नये?

आणखी एक शहाणपण ऐकलं : फुगलेल्या बॅटरीला सुई टोचून हवा काढायची. अरे बापा, ती काय सायकलची ट्यूब आहे? टोचली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

दुसऱ्या टोकाला "फेकून द्या ती गाडी" म्हणणारेही आहेत. त्यांचंही मला पटत नाही. विहीर धोक्याची म्हणून आपण बुजवत नाही, पोरांना पोहायला शिकवतो. इथेही नियम मूठभरच आहेत. चार्जरवर लिपोचाच प्रकार निवडा. ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास, म्हणून ५ अँपिअरनेच भरा; हे पाचवीचं पोरगंही करेल. खेळून आल्यावर बॅटरी आधी गार होऊ द्या. फरशीवर, कापूस-कपड्यांपासून दूर ठेवा, वाळूची बादली जवळ असू द्या. जागे असतानाच लावा आणि समोर बसा. आठवडाभर खेळायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

एक राग विकणाऱ्यांवरही आहे. गाडी मराठी घरात विकता, मग सूचना मराठीत का छापत नाही? आजी-आजोबांनी कोणती भाषा वाचायची? तोवर हे काम आपणच करू. या नियमांचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून चार्जरच्या वर चिकटवा. माझ्या घरी येणाऱ्या गाडीला हा नियम लागू आहे. ज्या भाच्या-पुतण्यांना जाच वाटतो त्यांनी खुशाल रागवावं.