अंड्यातील पिलू आणि आपला उतावीळ हात

परसातील कुक्कुटपालनाविषयी बोलावयास गावोगाव गेले म्हणजे एक प्रश्न हमखास पुढे येतो. अंडी उबवणीस ठेवून एकवीस दिवस भरत आले, बहुतेक पिले निघाली, परंतु एका अंड्याला लहानसे छिद्र पाडून पिलू आत तसेच राहिले आहे. चिवचिव ऐकू येते, चोचीचे टोक दिसते, पण काम पुढे सरकत नाही. अशा वेळी कवच सोलून पिलाला बाहेर काढावे की काढू नये?

काहीजण म्हणतात, जीव धडपडत असता नुसते पाहत बसणे हे माणुसकीचे नव्हे. काहीजण म्हणतात, जे आपल्या बळाने निघत नाही ते जगावयाचेच नाही. त्याच्या वाटेस जाऊ नये. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. त्यांतील पहिल्या उत्तरापायी हातचे पिलू कसे जाते, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगू शकतो.

कृषिपदवी घेऊन मी नोकरीत रुजू झालो त्या वर्षीची गोष्ट. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत एका बाईंनी खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी बसविली होती. एकविसाव्या दिवशी सकाळी मी तेथे गेलो, तेव्हा नऊ पिले निघाली होती आणि एका अंड्याला नुकताच तडा गेला होता. एक तास गेला, दोन तास गेले. पिलू पुढे सरकेना. घरातील मुले भोवती जमलेली, आणि मी तर शिकलेला अधिकारी! मी नखाने कवच काढू लागलो. आतील पापुद्रा ओढताच तो रक्ताने लाल झाला. पिलू बाहेर आले ते पोटाशी लोंबणारा पिवळा बलक घेऊनच. थोड्या वेळात ते गार पडले. घरातील आजी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ते अडकलं नव्हतं, थांबलं होतं."

अंड्याची रचना मी अभ्यासक्रमात शिकलो होतो. परंतु आजींच्या या वाक्याचा अर्थ पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा मला उमगला.

ते थांबणे म्हणजे काय, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे. अंड्यात वाढत असताना पिलू फुप्फुसाने श्वास घेत नाही. कवचाच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू हे जाळे पिलाला पोहोचविते. एकोणीस-विसाव्या दिवसाच्या सुमारास पिलू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच खुपसते व तेथे पहिला श्वास घेते. पुढे चोचीवरील लहानशा टणक उंचवट्याने ते कवचाला बाहेरून दिसणारा पहिला तडा पाडते. त्यानंतर मात्र ते पुष्कळ वेळ स्वस्थ राहते. हा काळ सामान्यतः बारा ते अठरा तासांचा, कधी चोवीस तासांपर्यंतचाही असतो.

बाहेरून पाहणारास वाटते की पिलू हरले. वास्तविक आत दोन मोठी कामे चालू असतात. पापुद्र्याच्या वाहिन्यांतील रक्त हळूहळू पिलाच्या अंगात परत जात असते, आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जाऊन बेंबी मिटत असते. हाच बलक पिलाची पहिल्या दोन-तीन दिवसांची शिदोरी होय. ही कामे उरकल्यावर पिलू अंड्यात गोल फिरत रुंद टोकाभोवती कवच कातरते, टोपण उचलावे तसे ते टोक ढकलते आणि बाहेर येते. आपण घाईने सोलतो तेव्हा भरलेल्या रक्तवाहिन्या फाडतो आणि बलक बाहेरच राहिलेल्या जिवाला उघड्यावर आणतो.

येथे एका गोड गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. धडपडीने पिलू बळकट होते, म्हणून त्याला मदत करू नये, असा उपदेश पुष्कळदा केला जातो. उपदेश म्हणून तो ठीक असेल. परंतु त्यावर विसंबणारा माणूस खरोखर अडलेले पिलूही मरू देतो. आरंभी हात न लावण्याचे खरे कारण रक्त आणि बलक हे आहे. म्हणून प्रश्न कठोरपणाचा की दयेचा असा नसून वेळेचा आहे.

तेव्हा माझे सांगणे असे. पहिला तडा दिसताच अंड्यावर पेन्सिलीने वेळ लिहून ठेवावी. चोवीस तास पूर्ण होईपर्यंत अंड्यास हात लावू नये. त्यानंतरही छिद्र वाढले नसेल, किंवा कातरण्यास आरंभ करून पिलू बराच वेळ थांबले असेल आणि पापुद्रा कोरडा, कागदासारखा होऊन अंगाला चिकटलेला दिसत असेल, तर मदत करावी. हात स्वच्छ धुऊन, कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने उघडा पापुद्रा ओलसर करावा. चोचीच्या नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नये. मग रुंद टोकाकडील कवचाचे एक-दोन कपचे काढावेत. ओलसर झालेल्या पापुद्र्यात लाल रेघा दिसल्या किंवा रक्ताचा थेंब आला, तर तेथेच थांबून अंडे उबेत परत ठेवावे व काही तासांनी पाहावे. पिलाला कधीही ओढून काढू नये. डोके मोकळे झाले की शेवटचा रेटा त्याचा त्यालाच देऊ द्यावा.

एवढे करूनही काही पिले जगणार नाहीत. डोके अंड्याच्या निमुळत्या टोकाकडे असलेले किंवा मुळातच अशक्त पिलू मदतीनेही पुष्कळदा वाचत नाही. हेही घरच्या मंडळींना आधी सांगावे. मदतीने निघालेल्या पिलाच्या पायात रंगीत दोरा बांधावा, व ते पैदाशीसाठी न ठेवणे बरे.

तथापि माझा खरा आग्रह पुढेच आहे. एका खेपेत एखादे पिलू अडले तर ते चालावयाचेच. परंतु तीन-चार अडली तर दोष पिलांत न शोधता आपल्या उबवणीत शोधावा. खुडूक कोंबडी अंगाची ऊब व ओलावा सांभाळते, अंडी आपणच फिरविते आणि पिले निघू लागली की सहसा बैठक सोडत नाही. अलीकडे पुष्कळ घरांतून व बचत गटांतून बल्ब आणि पंखा बसविलेली लहान उबवणी यंत्रे आली आहेत. तेथे कोंबडीचे हे सारे काम माणसाला करावे लागते. पंख्याच्या यंत्रात उष्णता सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावी. आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ६० टक्के, आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के असावी. अंडी अठराव्या दिवसापर्यंत रोज अनेकदा फिरवावीत व नंतर फिरविणे बंद करावे. उबवणीस एका आठवड्याहून जुनी अंडी घेऊ नयेत, आणि ती निमुळते टोक खाली ठेवून साठवावीत.

शेवटच्या तीन दिवसांत कौतुकाने वारंवार झाकण उघडणे हीच सर्वांत मोठी चूक होय. झाकण उघडताच ओलसर हवा निघून जाते, पापुद्रा सुकतो आणि निघू पाहणारे पिलू आवळले जाते. म्हणजे ज्या पिलाची दया येऊन आपण कवच सोलावयास धावतो, त्याला पुष्कळदा आपणच अडविलेले असते. निघालेली पिले लगेच बाहेर काढण्याचीही घाई नको. पोटातील शिदोरीवर ती अंग सुकेपर्यंत आत खुशाल राहतात.

ग्रामस्तरीय कार्यकर्ते व पशुसखी यांना माझी विनंती आहे की, त्यांनी अंडी बसविण्याच्या दिवशी त्या घरी एकदा जावे, अठरावा दिवस दिनदर्शिकेवर खुणावून द्यावा आणि यंत्रातील पाण्याचे भांडे त्या दिवशी भरले आहे की नाही ते पाहावे. तेरा अंडी विकली असती तर त्या बाईंना बाजाराचे पैसे तेव्हाच मिळाले असते. ते सोडून त्यांनी एकवीस दिवस वाट पाहिली, आणि त्यांच्या त्या वाट पाहण्याला मी दोन तासांच्या उतावीळपणाने बट्टा लावला. आता कोणी मला तडा गेलेले अंडे दाखविले, की मी प्रथम एवढेच विचारतो, "किती वाजता तडा गेला?" उत्तर चोवीस तासांच्या आतले असेल तर मी हात मागे घेतो आणि घरच्यांबरोबर बसून राहतो.