आधी निदान, मग पाना

गाडी सुरू होत नाही अशी तक्रार घेऊन ग्राहक गॅरेजमध्ये येतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्या असतात. बिघाड कुठे आहे हे कळावे आणि तो दूर व्हावा. आपल्या गॅरेजवाल्या बांधवांचा हिशेब मात्र दुसऱ्याच गोष्टीचा असतो. पार्टची किंमत आणि तो बसवण्याची मजुरी, एवढेच बिलात लिहिले जाते. बिघाड शोधण्यात गेलेला तास-दीड तास बिलात कुठेच दिसत नाही. तो फुकट जातो किंवा पार्टच्या किमतीत लपवला जातो. या एका सवयीने आपल्या धंद्याचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे कंपनीच्या वर्कशॉपनेही केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न लहान नाही. मुस्लिम समाजात नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे सच्चर समितीच्या अहवालाने २००६ मध्येच आकड्यांनिशी मांडले होते. गॅरेज हा त्यातला गावोगावी दिसणारा धंदा. शाळा सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली राहतो, आधी पाने पुसतो, मग नट खोलतो आणि पाच-सात वर्षांत स्वतःचे शटर उघडतो. त्या वर्षांत तो खोलायला शिकतो. न खोलता ओळखायला किती जण शिकतात?

नेहमीचे उदाहरण घ्या. सकाळी चावी फिरवली, आतून टिकटिक आवाज आला, सेल्फने इंजिन उचलले नाही. मेकॅनिक म्हणतो, "बॅटरी गेली, नवीन घाला." नवीन बॅटरी येते, गाडी सुरू होते, ग्राहक खूष. पंधरा दिवसांनी तीच गाडी त्याच जागी उभी. झालेले असे असते की, नवीन बॅटरी बसवताना टर्मिनल खरवडले गेले, क्लॅम्प घट्ट झाले आणि तेवढ्यानेच काम झाले. जुनी बॅटरी कदाचित चांगलीच होती. गाडीच्या अंगावर जिथे अर्थची पट्टी बसते, तिथला गंज मात्र तसाच राहिला. ग्राहकाचे काही हजार गेले आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या गल्लीत जातो. जाताना भांडतही नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही.

मल्टीमीटर हे काही महागडे यंत्र नाही, बहुतेक वायरमन मंडळींकडे ते असतेच. उभ्या गाडीच्या चांगल्या, भरलेल्या बॅटरीवर तो १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२ च्या खाली आला तर बॅटरी जवळजवळ उतरली आहे. पण उतरली म्हणजे मेली नव्हे. रात्रभर दिवा चालू राहिला असेल, अल्टरनेटर चार्ज करत नसेल, म्हणून आधी चार्ज करून पाहावी. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी व्होल्टेज साडेनऊच्या बरेच खाली कोसळले तर बॅटरी किंवा सेल्फ यांच्यात दोष. कोसळलेच नाही, १२ च्या वर तसेच उभे राहिले आणि तरीही सेल्फ हलला नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. तिथे नवीन बॅटरी घालून काय होणार?

अर्थची तपासणी तर त्याहून सोपी, आणि तीच सर्वांत कमी केली जाते. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. मदतनिसाला चावी फिरवायला सांगा. काटा साधारण अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे. पॉझिटिव्ह बाजूची केबलही अशीच पाहता येते. कोकणात, मुंबईत, जिथे खारी हवा आणि चार महिने पाऊस आहे, तिथे या एका तपासणीने किती सेल्फ उगाच खोलण्यापासून वाचतील याचा विचार करावा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, हे दुखणे वेगळे. येथे बॅटरीला हातच लावू नये. चावी पहिल्या टप्प्यावर नेली की पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मागच्या टाकीतून पंपाची दोन-एक सेकंद घरघर ऐकू येते. ती नाही आली तर आधी फ्यूज आणि रिले पाहावा, पंप नंतर. डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीने चावीच ओळखलेली नाही. दुसरी चावी मागवून पाहिल्याशिवाय काही खोलू नये. इंजिन नेहमीपेक्षा हलके, सुरसुर फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि सेल्फ मारणे ताबडतोब थांबवावे. डिझेल गाडी फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर सुरू होत नसेल तर लाइनने एअर घेतली असण्याचा संभव मोठा. यातल्या एकाही तपासणीला पाना लागत नाही. कान लागतो, नजर लागते आणि थोडा दम धरावा लागतो.

काही जुन्या सवयी तर आता घातकच आहेत. फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या काळात चालू गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल काढून "डायनॅमो चार्ज करतो का" ते पाहत. त्या गाडीत ते चालून गेले. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली तर अल्टरनेटरचे व्होल्टेज एकदम उसळते आणि कॉम्प्युटर जळू शकतो. चालू गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा, साधारण पावणेचौदा ते साडेचौदा दाखवला की चार्जिंग ठीक. टर्मिनल काढून दाखवणारा उस्ताद कितीही नावाजलेला असो, त्याला हात जोडून थांबवावे.

दुसरी सवय पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना सेल्फ मारला की पिस्टन वर जाताना पाण्यावर अडतो, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साफसफाईच्या कामाचे इंजिनचे काम होते. साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. बुडालेल्या गाडीची बॅटरी सोडवावी, एअर फिल्टर आणि ऑइल पाहावे, प्लग काढून पाणी बाहेर जाऊ द्यावे, त्यानंतरच सेल्फचा विचार. ग्राहक फोनवर "एकदा मारून बघू का?" असे विचारतो. तेव्हा "नको" म्हणणे हीसुद्धा मजुरी घेण्यासारखी कारागिरी आहे.

आता स्कॅनरविषयी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले आणि स्कॅनरशिवाय गॅरेज चालवणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. तो घ्यावाच. परंतु स्कॅनर पार्टचे नाव सांगत नाही, तक्रारीचे नाव सांगतो. क्रँक सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि खरे पाहता त्याची वायर उंदराने कुरतडलेली होती, असे प्रकार होतात. बॅटरी कमजोर असेल तर कॉम्प्युटर भलभलते कोड दाखवतो. म्हणजे पुन्हा मीटर आलाच. स्कॅनर घेऊनही अंदाजानेच पार्ट बदलायचे असतील तर आपण फक्त महाग अंदाज करू लागलो, एवढेच.

मग निदानाचे पैसे मागायचे कसे? "नुसते बघायचे पैसे?" हा ग्राहकाचा सवाल ठरलेला. बांधव म्हणतात, आम्ही फी लावली तर समोरचा फुकट बघतो, ग्राहक तिकडे जाईल. काही जातील, हे खरे. पण समोरचा फुकट बघतो म्हणजे तो कशाचे पैसे घेतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. डॉक्टर "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगूनही फी घेतो आणि आपण ती आनंदाने देतो. गॅरेजमध्ये रक्कम तपासणीआधी सांगावी, मागाहून नव्हे. काम आपल्याकडेच झाले तर ती मजुरीत वजा करावी. बिलावर आकडे लिहावेत. बॅटरी उभी असताना किती व्होल्ट, सेल्फ मारताना किती, चालू गाडीवर किती. बदललेला जुना पार्ट ग्राहकाने न मागता त्याच्या डिकीत ठेवावा. अर्थची पट्टी घासून गाडी सुरू झाली तर तसेच लिहावे, "अर्थ साफ केला, पार्ट लागला नाही." असे बिल ग्राहक चार जणांना दाखवतो.

लहान गावात एकट्याला चांगला स्कॅनर परवडत नाही, ही अडचण खरी आहे. एका रस्त्यावरच्या तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून तो घ्यावा आणि वर्षाचा अपडेटचा खर्च वाटून घ्यावा. कोणाच्या दुकानात ठेवायचा यावर रुसवाफुगवी होणारच. ज्याचे गॅरेजच नाही अशा बॅटरीवाल्याकडे किंवा वायरमनकडे तो ठेवावा, वही घालून कोणी कधी नेला ते लिहावे आणि रात्री मशीन त्याच्याकडे परत आले पाहिजे, एवढे पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे.