‘सुट्टीपर्यंत धर’

आमच्या सावेडीच्या मंडळात एक तक्रार नेहमी दबक्या आवाजात येते. दुसरी-तिसरीतली मुलगी शाळेतून ओल्या चड्डीनं घरी येते, किंवा मुलाच्या चड्डीला रोज शीचे डाग असतात. डॉक्टरांनी लघवी तपासली, काही सापडलं नाही. मग घरातला निकाल ठरलेला: मूल आळशी, आणि आईनं वळण लावलं नाही.

मैत्रिणींनो, मला नेमकं उलटं म्हणायचं आहे. यातल्या बऱ्याच मुलांना वळण कमी नाही, जास्त लागलेलं असतं. धरून ठेवण्याचं वळण.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गुदाशय आणि बाईच्या शरीरात गर्भाशयही ती खालून पेलते. धरायचं तेव्हा ती आवळते, करायचं तेव्हा सैल पडते. बाळंतपणानंतर ती ढिली होते म्हणून आवळण्याचे व्यायाम सांगतात; अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी ते १९४८ मध्ये मांडले, आणि आपल्यातल्या पुष्कळजणींनी ते केलेही असतील. मुलांचं दुखणं बहुधा निराळं. तासन्‌तास धरणाऱ्या मुलाची झोळी सैल पडायचंच विसरते. लघवी तुटक होते, थोडी आत राहते, तिथं जंतू वाढतात. मग एकाएकी जोराची लागते आणि मुलगी खेळता खेळता उकिडवी बसून टाच दाबते. आपल्याला वाटतं, खेळात रमली. शी धरली तर ती आत कडक होते, भरलेलं गुदाशय मूत्राशयाला दाबतं, आणि त्या खड्याच्या कडेनं पातळ मळ झिरपतो. आई त्याला जुलाब समजून जुलाब बंद करणारं औषध देते! म्हणून आपले आवळायचे व्यायाम कुणी लेकीला परस्पर शिकवू नयेत.

(रात्रीचं अंथरूण ओलं होणं हे बरंचसं वेगळं प्रकरण. ते पुष्कळदा वंशपरंपरेनं येतं. तेव्हा दोष देणाऱ्या सासूबाईंना आपल्या लेकाचं बालपण आठवायला सांगावं.)

यावर फिजिओथेरपी आहे, आणि ती ऐकायला अगदी साधी वाटते. मूल किती पाणी पितं, किती वेळा जातं याची आधी वही ठेवायची. डॉक्टरांच्या औषधानं पोट साफ करायचं. हे काम काही महिने चालतं. दर दोन-तीन तासांनी, लागो न लागो, लघवीला बसवायचं. पायाखाली आधार हवा. नव्या फ्लॅटमधल्या उंच कमोडवर लोंबकळत्या पायांनी बसलेलं मूल सैल पडूच शकत नाही. तिथं एक पाट किंवा स्टूल पुरतं. पोटात श्वास घेऊन तळ सोडायला शिकवतात. काही ठिकाणी त्वचेला चिकटपट्ट्या लावून स्नायूचं आवळणं-सुटणं पडद्यावर दाखवतात, मुलं ते खेळासारखं शिकतात. आत बोट घालून तपासायची मुलांना सहसा गरज नसते. आईनं जवळ असावं, आणि मुलाला आधी विचारूनच हात लावावा, हा आग्रह आपण धरायलाच हवा. मात्र पायात अशक्तपणा, कमरेच्या मणक्यावर केसांचा पुंजका किंवा खळगा, सारखी तहान आणि वजन घटणं असं काही दिसलं, तर व्यायामाची वाट न पाहता आधी डॉक्टर गाठावा.

पण हे सगळं शिकून मूल पुन्हा शाळेतच जाणार! सात वर्षांच्या मुलाचं मूत्राशय ढोबळ हिशेबानं २४० मिलिलिटरचं. शाळा पाच-सहा तासांची. “एकीला जाऊ?” म्हटलं की उत्तर, “सुट्टीपर्यंत धर.” सुट्टीत रांग, कडी मोडलेली, पाणी नाही, मुली अर्धवट उभ्या राहून उरकतात किंवा सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सिंथिया फरारबाईंनी १८३९ पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. मुली शाळेत आल्या, त्यांचं मूत्राशय मात्र अजून दाराबाहेरच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं आहेत, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांत ती बांधायला सांगितलं. बांधकाम मोजता येतं. बाईंनी ‘जा’ म्हटलं की नाही, हे कोण मोजणार?

काही मैत्रिणी म्हणतात, हा डॉक्टरांचा विषय, चळवळीचा नव्हे. चादरी कोण धुतं, बोलणी कोण खातं, आणि मुलीला ‘धर’ म्हणायला आपणच कधीपासून शिकवतो, एवढं पाहिलं तरी मला ते पटत नाही. शाळा न बदलता नुसते व्यायाम देणं म्हणजे पोरीचं शरीर घंटेला जुळवून घेणं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्याच्या तीस विकारांच्या यादीत मज्जारज्जूचा जन्मजात दोष आहे, दिवसा चड्डी ओली होणं नाही. तपासणीला येणाऱ्या पथकानं “दिवसातून किती वेळा जातेस?” एवढं विचारायला खर्च येत नाही. विळद घाटात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. आपले लोक ही विद्या कंबर-गुडघ्यासाठी ओळखतात, मुलांच्या या दुखण्यासाठी सरकारी दवाखान्यातही ती मिळावी अशी मागणी करायला हवी.

आणि सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानं निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्यापैकी जी कुणी तिथं सहीपुरती जाते, तिनं पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: तास चालू असताना एकी-दुकीला जायला परवानगी लागणार नाही, आणि स्वच्छतागृहाची किल्ली शिक्षकांच्या खोलीत राहणार नाही.