हेल्मेट, कानस आणि आमची डिग्री

तर मंडळी, "शनिवार-रविवार असतोस कुठे?" या प्रश्नाचं उत्तर आज देऊन टाकतो. घरीच होतो. आयर्न मॅनचं हेल्मेट बनवत होतो. डोक्यात घालता येईल असं, डोळे पेटणारं, तोंडावरची झडप वर-खाली होणारं. हसून घ्या. ऑफिसात सगळे हसून झालेत. "ऑनलाइन मिळतं की रे तयार!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावरच लिहावं म्हटलं.

मिळतं हो तयार. माझं म्हणणं असं आहे की आपल्यासारख्या खुर्चीत बसून पगार घेणाऱ्या इंजिनियर लोकांनी ते तयार घेऊ नये. निदान एकदा तरी स्वतः बनवावं. हेल्मेट नको तर स्टूल बनवा, आकाशकंदील बनवा. पण असं काहीतरी बनवा ज्याला कंट्रोल-झेड नाही.

आयर्न मॅनच का? २००८ साली पहिला सिनेमा आला तेव्हा पाचवीची परीक्षा नुकतीच संपलेली. उडणं वगैरे ठीक होतं, पण मला आवडला तो त्यातला गुहेतला भाग. क्षेपणास्त्रांचे तुकडे ठोकून तो पहिला ओबडधोबड सूट बनवतो. दुसरा सूट उंचावर गेल्यावर बर्फ धरतो, म्हणून तिसऱ्यात सुधारणा. म्हणजे बनवा, आपटा, सुधारा! पडद्यामागेही स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओने खरे घालता येतील असे सूट बनवले होते, सगळंच काही कॉम्प्युटरवर नव्हतं. इंजिनियर व्हायचं ते मी तेव्हा ठरवलं. पुढे झालोही. आणि मग दिवसभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या तारखांचे फॉरमॅट दुरुस्त करायला लागलो. असो.

आता पद्धत. घरी हे करायचे तीन रस्ते आहेत. थ्रीडी प्रिंट, ईव्हीए फोम आणि कागद. मी कागद घेतला. पेपाकुरा नावाचं एक जपानी सॉफ्टवेअर आहे, ते थ्रीडी मॉडेलची साल सोलून सपाट तुकडे करून देतं. ते जाड कार्डशीटवर छापायचे, कापायचे, घड्या घालून चिकटवायचे. मग बाहेरून पॉलिएस्टर रेझिन, आतून फायबरग्लासची जाळी आणि रेझिन, वरून पुट्टी, घासणं, प्रायमर, रंग. कागदाचा मुखवटा हे काही परदेशी खूळ नाही बरं का. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे भलेमोठे मुखवटे घालून लोक नाचत आलेत.

पहिलं हेल्मेट कागदाचं झालं तेव्हा मी घरभर घालून फिरलो. फोटो काढले. दुसऱ्या दिवशी रेझिन आणि फायबर लावलं, वाळू दिलं, घालायला गेलो... डोकं आतच जाईना! कारण साधं आहे. माणसाची मान डोक्यापेक्षा बारीक असते, आणि हेल्मेट मानेशी निमुळतं हवं तरच ते आयर्न मॅनचं दिसतं. कागद होता तोवर तो ताणला जाऊन डोक्याला वाट देत होता. फायबर ताणलं जात नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर माझ्या मशीनवर चालत होतं, प्रॉडक्शनला झोपलं. फरक इतकाच की इथे रोलबॅक नव्हता. हॅकसॉने मागचा भाग कापून त्याला बिजागरी लावावी लागली. सिनेमात ते हेल्मेट उघडतं ते स्टाइल म्हणून नव्हे, उघडल्याशिवाय ते डोक्यात जाणारच नाही म्हणून, हे मला सतरा वर्षांनी कळलं.

रेझिनबद्दल मात्र गंमत नाही, नीट वाचा. दुकानात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन बाटल्या देतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचा आणि मग हार्डनर. ग्लासात जास्त मिश्रण एकदम केलं तर ते स्वतःच तापतं. माझा प्लास्टिकचा ग्लास वितळून धूर निघाला होता. वास स्टायरीनचा असतो, तो बंद फ्लॅटमध्ये घेऊ नका, गच्चीवर जा. साधा धुळीचा मास्क त्या वाफा अडवत नाही, गाळणीचे डबे लावलेला मास्क लागतो. आणि हो, हे घालून गाडी चालवायची नाही. खऱ्या हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो, तो चेपला जातो म्हणून डोकं वाचतं. आयएस ४१५१ चा शिक्का त्यासाठीच असतो. माझ्या हेल्मेटच्या आत फक्त हौस आहे.

पुढे झडप. ती उचलायला छोटी सर्व्हो मोटर घेतली, एसजी ९० नावाची, कारण ती स्वस्त. अर्डुइनोचा कोड एआयने दोन मिनिटांत लिहून दिला, आणि तो बरोबर होता. झडप हलेना. एक आख्खा शनिवार मी कोड तपासत बसलो, कारण मला दुसरं काही तपासता येतच नाही! शेवटी किचनमधल्या काट्यावर झडप ठेवली. २५० ग्रॅम. बिजागरीपासून वजनाचा मध्य साधारण ९ सेंटिमीटर. म्हणजे सव्वादोन किलो-सेंटिमीटरचा जोर हवा, आणि ही मोटर देते जेमतेम १.८. अकरावीचं गणित! मोठी मोटर लावली तर ती चालू होताना इतका करंट ओढायची की अर्डुइनोच रिसेट व्हायचा. मग मोटरला वेगळी बॅटरी. कोडमध्ये चूक कधी नव्हतीच.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, जी मला खरं तर सांगायची नव्हती.

आमचे बाबा भोसरीत एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं फिटर होते. आयटीआय. मी घरातला पहिला इंजिनियर. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो, आठवतंय? माइल्ड स्टीलचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. आठवड्यात माझ्या तळहाताला फोड आले. मग सगळे करत होते तेच मी केलं. वर्कशॉपमधल्या एका मामांना दोनशे रुपये दिले आणि तयार जॉब घेतला. पैकीच्या पैकी मार्क. तो जॉब मी मोठ्या दिमाखात घरी आणला, बाबांना दाखवायला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडाकडे धरला, फटीतून उजेड येतो का पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "छान झालाय." आणि परत दिला. त्यांना कळलं होतं हे मला तेव्हाही कळलं होतं. दोघांनीही विषय काढला नाही.

हेल्मेटला पुट्टी लावून मी घासत बसलो होतो तेव्हा बाबा बाल्कनीत आले. रिटायर झाल्यापासून ते फारसं बोलत नाहीत. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "अरे, तू खड्डे पाडतोयस. बोटांनी घासू नकोस, मागे लाकडाचा सपाट तुकडा घे." मग पेन्सिलीने सगळ्या पुट्टीवर रेघोट्या मारायला लावल्या. घासल्यावर जिथे पेन्सिल शिल्लक राहते तिथे खड्डा. खोली अंधारी करून बाजूने टॉर्च मारला तर प्रत्येक लाट दिसली. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, मग ४०० पाण्यातून. मी म्हटलं, "बाबा, वरून रंगच द्यायचाय ना, झाकलं जाईल." तर म्हणाले, "रंग झाकत नाही, रंग चुगली करतो." खरंच होतं ते. चकचकीत लाल दिल्यावर जिथे मी आळस केला होता ती जागा पहिल्यांदा दिसली.

चार रविवार आम्ही दोघं घासत होतो. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "तो फर्स्ट इयरचा जॉब मी केला नव्हता." ते घासतच होते. म्हणाले, "माहितीये. तुझ्या हाताला फोड होते आणि जॉब सुकलेल्या हाताचा होता." थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं, तुला लाज वाटतेय या कामाची."

यावर काय बोलणार? कारण वाटत होतीच. आपल्याला शाळेपासून शिकवतात की हुशार तो डोक्याने कमावतो आणि ज्याला जमत नाही तो हाताने. अभ्यास कर नाहीतर गॅरेजमध्ये जावं लागेल, हे कुठल्या घरात म्हटलं जात नाही? आणि मग चार वर्षांच्या डिग्रीत हाताला काम देणारा जो एकुलता एक विषय असतो, तो आपण दोनशे रुपयांत निकालात काढतो. सिस्टिम वाईट आहे म्हणून बोंबलायला मीही पुढे असतो, पण पैसे माझ्याच खिशातून गेले होते.

कोणी म्हणेल, "थ्रीडी प्रिंटर घे, कशाला एवढा कुटाणा?" घ्या की. माझा विरोध नाही. पण घरगुती प्रिंटरचा बेड साधारण २२० मिलिमीटरचा, तेव्हा पूर्ण हेल्मेट बहुतेक वेळा तुकड्यांत छापून जोडावं लागतं. आणि प्रिंटवर थरांच्या रेषा असतात, त्या घासायला पुन्हा तोच पॉलिश पेपर. आकार मशीन देईल, कोड एआय देईल. पण कुठे थांबायचं, कुठे अजून दोन हात मारायचे आणि कुठे मारले तर भोक पडेल हे हातालाच कळतं, आणि तेही चुकल्याशिवाय कळत नाही. नोकरीत आपण चुका करतो त्या टेस्टिंगवाले पकडतात, नाहीतर पुढच्या रिलीजला दुरुस्त होतात. त्यामुळे चुकीची किंमत आपल्याला अंगावर कधी लागतच नाही.

दुसरा आक्षेप, की हे पोटभरल्याचे चोचले आहेत. मान्य. सगळं मिळून साडेचार हजार गेले, आणि कितीतरी सुट्ट्या. बाबांनी पोटासाठी जे केलं ते मी हौस म्हणून करतोय, हा फरक मी विसरणार नाही. पण त्यामुळे एक झालं. ते तीस वर्षं नेमकं काय करत होते हे मला पहिल्यांदा थोडंसं कळलं. "बाबा कंपनीत आहेत" यापलीकडे मी कधी विचारलंच नव्हतं.

हेल्मेट आता टीव्हीशेजारी आहे. डाव्या गालावर थोडी लाट आहे, ती माझी. उजवा गाल आरशासारखा आहे, तो कोणाचा हे सांगायला नको. शेजारचा छोटू रोज येऊन झडप उघड-बंद करून जातो. बाबांना आता बिजागरी बदलायची आहे म्हणे, ही "ढिली" आहे.

तेव्हा तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. नुसता डोक्याचा घेर मोजू नका, नाकाच्या टोकापासून मागपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजा, आणि डोकं आत कुठून जाणार ते आधी ठरवा. आणि घरात कोणी हाताने काम केलेलं माणूस असेल, तर त्याला पहिल्याच रविवारी बोलवा. मी चार महिने उशीर केला. खरं तर दहा वर्षं.