विश्लेषण : दोन सूर्यांचा दगड आणि बुर्झहोमची १० वर्षांहून लांबलेली प्रतीक्षा

काश्मीरमधील बुर्झहोम हे नवाश्मयुगीन स्थळ २०१४ पासून ‘युनेस्को’च्या तात्पुरत्या यादीत आहे. पुढे काहीच का हलत नाही?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९६० ते १९७१ मधील उत्खननात येथे हाडांची हत्यारे, दगडी कुऱ्हाडी, माणसांसोबत पुरलेले कुत्रे सापडले. जमिनीत खोदलेल्या खड्ड्यांत लोक हिवाळा काढत, असे पाठ्यपुस्तके सांगतात. काही अभ्यासकांच्या मते मात्र ती साठवणीची पेवे होती.

खरी चर्चा शिकारीचे दृश्य कोरलेल्या शिळेची. तीत आकाशात दोन तेजस्वी गोल दिसतात. त्यातला एक म्हणजे सुपरनोव्हा, अशी मांडणी मुंबईच्या ‘टीआयएफआर’मधील मयंक वाहिया व सहकाऱ्यांनी केली. तारा फुटला सुमारे इ.स.पू. ४६०० मध्ये, वस्तीचा काळ मात्र साधारण इ.स.पू. ३००० पासूनचा मानला जातो. तर्क आकर्षक असला, तरी दुवा इथेच कच्चा पडतो.

तात्पुरती यादी ही फक्त पहिली पायरी. एका देशाला वर्षाला एकच प्रस्ताव मांडता येतो आणि भारताच्या यादीत ६० हून अधिक स्थळे आहेत. २०२५ मध्ये मान शिवकालीन किल्ल्यांना मिळाला. बुर्झहोमचे महापाषाण तोवर ऊन, पाऊस, बर्फ झेलत उघड्यावरच आहेत.